जित्या माणसाची घागर

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. लोक विचारतात, तिची काय आठवण येते? सगळीच येते, काय सांगणार! पण लिहायला बसलो तर एक गोष्ट आधी लिहावीशी वाटते. एका माणसाला मेलेला म्हणायला ती कधी तयार झाली नाही. त्या माणसाला तिनं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. बोलतो तसंच लिहितो.

आमचं गाव बोदवडकडचं, ती धुळ्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची अहिराणी गेली नाही. आमच्याकडच्या बाया तिला हसायच्या. ती म्हणायची, हसा, दात तुमचेच दिसतात.

आमचा थोरला फौजेत, पायदळात. त्याची पलटण लंकेत धाडली. त्या बेटावर दोन जातींचे, दोन धर्मांचे लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि आपली फौज मध्ये पडायला गेली. मला तेव्हाच वाटलं, हे बरं नाही. बांधावरच्या भांडणात जो सोडवायला जातो, त्याला दोन्हीकडून काठी बसते. तसंच झालं. ज्यांना वाचवायला गेले, त्यांच्यातल्याच पोरांनी यांच्यावर बंदुका धरल्या. दुसरी बाजू म्हणे, आमच्या देशातून चालते व्हा.

हौदावर बाया हिला चिडवायच्या, "काय वं, तुझा पोऱ्या लंका जाळायले गेला का?"

ही म्हणायची, "जाळाले नई, इझाडाले गया."

विझवायला गेलाय असं ती सगळ्यांना सांगायची, आणि घरी आल्यावर रेडिओच्या बातम्या लागल्या की उठून गोठ्यात जायची. बातम्या संपल्या की मला विचारायची, काही वाईट बोलला का तो? मी नाही म्हणायचो. बोलला असला तरी नाही म्हणायचो.

मग फौज परत आली. पोरगा धडधाकट आला. हातपाय शाबूत, अंगावर ओरखडा नाही. हिनं भाकर ओवाळून टाकली. पण आठवड्यातच आम्हाला कळलं की काहीतरी राहिलंय तिकडं. आमची केळीची बाग. लहानपणी त्यात लपूनछपून वाढलेला हा, आता ओळींमध्ये शिरेना. बांधाबांधानं लांबून फिरून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत जायचा. मी एकदा म्हटलं, मधून ये की. तो म्हणाला, "दादा, तिकडं गोळ्या केळीतूनच यायच्या."

तिकडचं तो फारसं सांगत नसे. एका म्हाताऱ्याचं मात्र सांगायचा. पलटणीची चौकी दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर होती. एक गाव हिंदूंचं, एक मुसलमानांचं. भाषा दोघांची एकच, पण एका गावचा माणूस दुसऱ्या गावात दिवसासुद्धा जायला घाबरायचा. मुसलमानांच्या गावातला एक म्हातारा सायकलला केळीचे घड बांधून रोज चौकीवरून बाजारात जायचा. त्या गावात बापाला वाप्पा म्हणतात, म्हणून हेही त्याला वाप्पाच म्हणायचे. आमच्या पोराला त्याची भाषा येईना, त्याला याची येईना. पण केळीवाल्याला केळीवाला कळतो. घडावर हात ठेवून कोणतं खत, किती पाणी, बुंध्याशी फुटलेली पिलं किती ठेवली, सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. पिलं फार ठेवता म्हणून आमचा पोरगा त्याच्याशी भांडायचा. म्हातारा कपाळाला हात लावून हसायचा.

फौज निघाली त्या दिवशी वाप्पानं चौकीवर एक घड आणून ठेवला. मग मोकळ्या रस्त्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत तरी सवाल कळला. तुम्ही चालले, आता इथं कोण उभं राहणार? गाडी सुटली तरी म्हातारा सायकल धरून उभाच होता.

पुढच्या पावसाळ्यात रेडिओवर आलं की त्याच भागात बंदूकवाले मशिदीत शिरले आणि नमाजाला वाकलेले लोक मारले. गावाचं नाव पोराला नीट ऐकू आलं नाही. तेच गाव की शेजारचं, की लांबचं, कळायला मार्ग नव्हता. त्यानं मनाशी धरलं, तेच.

त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो सुट्टीवर होता.

आखाजीला आमच्या खानदेशात घरातल्या मेलेल्यांची घागर भरतात. लाल मातीची घागर, वर लहान गाडगं, त्यावर सांजोरी आणि आंबे. उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. उन्हाळ्याचं पाणी त्यांना पोचतं म्हणतात. मग गावातला एक माणूस पितर म्हणून बोलवायचा आणि त्याला पुरणपोळी, आमरस पोटभर वाढायचा. ही उंबऱ्याशी बसली होती. माझा बाप, माझी आई, एक आमचं लहानपणी गेलेलं लेकरू, अशी बोटं उमटवत होती. पोरगा मागे उभा होता. म्हणाला, "माय, एक बोट आणखी लाव."

"कोनं?"

"वाप्पाचं."

ओसरीवर माझा चुलत भाऊ बसलेला. त्याला सगळे तात्या म्हणतात. पितर म्हणून जेवायला त्यालाच बोलावलं होतं. तो म्हणाला, "मुसलमानाचं बोट? आपल्या उंबऱ्यावर? डोकं फिरलं का याचं?"

हिनं मान वर न करता सांगितलं, "तात्या, उंबरा मना शे. तुम्ही रस खावाले येल शेतस, रस खा."

उंबरा माझा म्हणाली, तेव्हा मला वाटलं, आता ही बोट उमटवणार. पण तिनं कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि पोराकडे वळली.

"तू त्याले मरेल दखा का?"

"नाही, मेलेला नाही पाहिला."

"कोन्ही दखा का?"

"माय, सगळे गेले तिथं. तोही गेला असेल."

"'असेल'वर कुकू लावतस का कोन्ही? जित्ता माणूसनी घागर भरी तर त्याले आपनच मारं ना रे!"

अहिराणी न येणाऱ्यासाठी सांगतो: जिवंत माणसाची घागर भरली तर त्याला आपणच मारल्यासारखं होतं. असं आमच्याकडे खरंच मानतात. परगावी गेलेल्या माणसाची चुकून घागर भरली आणि तो तिकडं आजारी पडला, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत.

पोराचा आवाज चढला. मायवर तो कधी ओरडला नव्हता. "मग मी काय करू? त्यानं मला विचारलं होतं! मी तोंड फिरवून गाडीत बसलो. निदान पाणी तरी पाजू दे त्याला!"

तात्यानं रसाची वाटी खाली ठेवली. पोराला त्या म्हाताऱ्याचं काहीतरी करून मोकळं व्हायचं होतं, हे मला दिसत होतं. बोट उमटलं असतं तर तो रडला असता आणि कदाचित जेवलाही असता. मला वाटलं, लावून टाक ना बाई, कुंकवाचं काय जातं? पण या कामात तिचा शब्द शेवटचा असायचा.

ती उठली. म्हणाली, मेलेल्याला पाणी, जित्याला जेवण. मग मला हुकूम सोडला, "जा, पिंजारीभाऊले लई या."

गावाच्या खालच्या आळीला एक म्हातारा मुसलमान पिंजारी राहायचा. आमच्या गाद्या त्यानंच पिंजलेल्या. मी त्याला बोलवायला गेलो तर खाटेवरून उठेना. म्हणाला, "आज? आज तुम्ही पितर जेवू घालता. मला पितर करता का? मी अजून जिता आहे, बाबा!"

मी म्हटलं, "तेच सांगून बोलावलंय. जिताच पाहिजे."

तो आला. हिनं त्याला तात्याच्या शेजारी पाट मांडला. तात्यानं जरा पाट सरकवला, पण उठला नाही, कारण रसाचं पातेलं अजून भरलेलं होतं. पोरगा वाढायला लागला. पिंजाऱ्यानं विचारलं, काय झालंय, कोणासाठी हे? पोरानं त्याला सांगितलं. आम्हाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. वाप्पाची एक चप्पल तुटलेली होती, ती सुतळीनं बांधलेली असायची. सायकलला घंटी नव्हती, तो तोंडानंच टिंग टिंग करायचा. सांगता सांगता तो स्वतः केव्हा जेवायला बसला ते त्याला कळलं नाही. हिला कळलं. तिनं मागून येऊन त्याच्या ताटात पोळी टाकली आणि लगेच आत गेली.

जेवण झाल्यावर पिंजाऱ्यानं दोन्ही हात उचलले. म्हणाला, "जिता असेल तर त्याला, मेला असेल तर त्याला, दोघांना चालेल अशी दुआ मागतो. आमच्यात घागर नाही." मग पोटावरून हात फिरवून तात्याला म्हणाला, "रस मात्र तुमच्यातच पाहिजे." तात्यालाही हसू आलं.

तेव्हापासून आमच्या घरी आखाजीला दोन पाट. एक पितराचा, एक वाप्पाच्या नावानं जित्या माणसाचा. दंगली होऊन जळगाव, धुळ्याला संचारबंद्या लागल्या, आमच्या शाळेत पोलीस येऊन राहिले आणि काही दिवसांनी निघून गेले, त्या साली भाऊबंद म्हणाले, या वर्षी पिंजाऱ्याला बोलवू नका, उगाच डोळ्यावर येईल. पोरगा तेव्हा नोकरीवर. ही स्वतः खालच्या आळीत गेली. पिंजारी दाराआडून म्हणाला, "भाभी, पोलीस गेले. मी वर कसा येऊ?" ही म्हणाली, "मी शे ना." आणि भर दुपारी त्याच्या पुढं चालत त्याला घरी घेऊन आली. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

पुढं पिंजारी गेला. आता हीही गेली. पोरगा पेन्शनीवर घरी आलाय, बागेत अजून बांधानंच जातो, पण जातो.

यंदाच्या आखाजीला सूनबाई उंबऱ्याशी बसली. सासूच्या नावाचं पहिलं बोट तिच्या हातून उमटेना, म्हणून मी उमटवलं. बोट उचलावंसं वाटेना. तेव्हा पोरानं हळूच विचारलं, "दादा, वाप्पा आता पार म्हातारा झाला असेल. माय नाही. यंदा त्याचंही लावून टाकू का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगतो, लाव म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "तुझी माय माझ्या मांडीवर गेली. तिचा शेवटचा श्वास मी ऐकला, म्हणून तिचं बोट लावलं. त्याचा कोणी ऐकला? पाट मांड."

"पण बसवू कोणाला?"

"जिता कोणीही बघ."

तो रस्त्यावर गेला. आमच्या गावात केळी भरायला उत्तरेकडचे ट्रक येतात. त्यातलाच एक ड्रायव्हर घेऊन आला. मळकी लुंगी, दाढी वाढलेली. मी विचारलं, "कोण रे हा?"

"विचारलं नाही. गाडी भरायची वाट पाहत होता."

ड्रायव्हर पाटावर बसला, इकडं तिकडं पाहून म्हणाला, "किसकी शादी है, बाबूजी?"

मी म्हटलं, "शादी नही. बैठो, खाओ."

त्यानं वाटी पुढं केली. पोरानं काठोकाठ भरली.