मुंग्यांच्या पलीकडची शेंगापोळी

माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्या दिवसापासून सदलग्याच्या आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना वैद्यकी येऊ लागली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गादीवर बसून बसून चालणं मी आधीच विसरत आलो होतो. आता तर पाय उघडच संपावर गेला! चिकोडीच्या डॉक्टरांनी बजावलं, "पाय ओढत चालाल, तर जन्मभर ओढतच चालाल. उचलायला शिका. रोज, दमेपर्यंत."

झालं. पत्नीने सोप्याच्या खांबांना दोरखंड बांधला आणि तो धरायला लावून मला सकाळपासून फिरवू लागली. (मोटेचे बैलसुद्धा दुपारी सोडतात. मला तीही सवलत नव्हती.) पाय काही जमीन सोडीना. शेवटी तिने जालीम उपाय काढला. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. माझं संध्याकाळचं ताट खाटेवर यायचं, ते तिने स्वयंपाकघरात मांडायला सुरुवात केली.

"दिस बुडायच्या आत चालत आलासा, तर जेवान. न्हाय तर उद्या सकाळी."

"आणि तू?"

"तुमच्याआधी मी कवा जेवलीया?"

आईला आम्ही आव्वा म्हणायचो. तिनेही जाहीर केलं, "आप्पा जेवल्याबिगर मी घास घ्यायची न्हाय." (आप्पा म्हणजे मीच.) म्हणजे माझ्या एका पायावर तीन पोटं आली.

त्यात आव्वाची निराळीच काळजी. ओढत्या पायाखाली किडामुंगी चिरडेल म्हणून ती मऊ फडक्याने माझ्यापुढची जमीन झाडत चालायची. मागून पत्नी म्हणायची, "चला की वो," आणि पुढून आव्वा म्हणायची, "थांब रं जरा." एकीला सूर्याची घाई, दुसरीला मुंग्यांची दया. धर्म दोघींच्याही बाजूने होता, त्यामुळे मला बोलायला जागाच नव्हती.

एका संध्याकाळी शेंगापोळीचा बेत होता. तुपाचा वास सोप्यापर्यंत आला आणि मी नेहमीपेक्षा बऱ्या चालीने निघालो. माजघरात पोचलो, तर दुपारी तिथे कुटलेल्या गुळाच्या वासावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली.

"निल्लो!" आव्वा ओरडली. (घाईत ती कानडीत शिरायची. थांब, असा हुकूम होता.) "फडकं घातलं, तर समद्या मरतील."

दुसरी वाट परसातून होती. पण तिकडून मला पोचायला दुसरा दिवस उजाडला असता.

"मग मला उचलून तरी न्या," मी म्हणालो.

"डाक्टरनी पाय उचलाय सांगितलाय," पत्नी म्हणाली. "तुमास्नी न्हाय."

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर वर सरकत चाललं होतं. समोर ताट दिसत होतं. मला डॉक्टरांचा राग आला, मुंग्यांचा आला, या दोघींचाही आला. आणि त्या रागाच्या भरात माझा उजवा पाय उठला. थोडकाच, पण उठला, रांगेवरून गेला आणि पलीकडे टेकला. एकाही मुंगीला पत्ता लागला नाही.

आव्वा तो पाय धरून रडू लागली. सासूसमोर कधी डोळ्यांत पाणी न आणलेल्या माझ्या पत्नीने माझा खांदा घट्ट धरला आणि तीही रडली. मग मीही. त्या दोघींनी उपास पत्करला, शिव्या खाल्ल्या, पण मला खाटेवर पडू दिलं नाही. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आम्ही तिघं असे सावकाश, मनसोक्त रडलो. डोळे पुसून पाहिलं, तर भिंतीवर ऊन नव्हतं.

"बुडाला दिस," पत्नी म्हणाली आणि तिने ताट झाकलं.

सकाळी सूर्य वर येईपर्यंत मी कोणी न बोलावता स्वयंपाकघराच्या दारात हजर होतो. पुढे डॉक्टर आले, मला पाय उचलून चालताना पाहून थक्क झाले. "यांची इच्छाशक्ती दांडगी आहे," ते म्हणाले.

"व्हय," पत्नी म्हणाली, "जेवनाच्या वक्ताला लई दांडगी असतीया."

यावर मी सणसणीत उत्तर देणार होतो. पण तोंडात घास होता.