पाटीवरचं आडनाव

लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी फर्मान काढलं, "बँक, परवाना, सर्टिफिकिटं, सगळीकडे आमचं आडनाव लागलं पाहिजे. ह्या नावावर लोक डोळे मिटून पाव नेतात." घरची तीन पिढ्यांची बेकरी होती. तिनं वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. माहेरचं आडनाव खोडताना कारकून विचारायचा, "नक्की ना?" ती मान डोलवायची.

अकरा वर्षं भट्टीपाशी राबली. मग नवऱ्याला केकवर नक्षी काढणारी मुलगी आवडली आणि हिची रवानगी दोन बॅगांसकट भावाच्या दारात झाली. घटस्फोट झाला त्याच आठवड्यात त्याचा फोन.

"आता आमचं आडनाव तेवढं काढून टाक. हिला कसंतरीच वाटतं."

"बरं, बघते," ती म्हणाली.

बघितलं ते असं. बेकरीतल्या घुशी-झुरळांशी अकरा वर्षं तीच झुंजली होती. आता रीतसर शिकून तिनं औषधफवारणीचा परवाना काढला, कागदोपत्री होतं त्याच नावानं. बेकरीसमोर गाळा भाड्यानं घेतला, जुनी व्हॅन घेतली आणि पेंटरला सांगितलं, "आडनाव हातभर मोठं काढ. त्या समोरच्या पाटीवर आहे तसंच, लाल, वळणदार. खाली लिही, उंदीर, घुशी, झुरळांचा कायमचा बंदोबस्त. आणि एक उंदीर, चांगला गलेलठ्ठ, पाय वर केलेला."

गिऱ्हाईक थबकायचं, व्हॅन वाचायचं, मग बेकरीची पाटी वाचायचं आणि पुढच्या चौकातून पाव घ्यायचं.

महिन्याभरात नवरा तणतणत आला. "लाज नाही वाटत? आमच्या नावाची पार माती केलीस!"

"तुमच्या कुठल्या? माझं आहे ते. वर्षभर हेलपाटे घालून घेतलंय. शिक्के दाखवू?"

पाठोपाठ सासूबाई आल्या, आवाजात साखर घोळवून. "माहेरचं लाव ना गं. किती छान आहे!"

"तेव्हा नव्हतं वाटतं छान?" ती पंपात औषध भरत राहिली.

वर्षाच्या आत बेकरीची पाटी उतरली. नवीवर कुठल्याशा फुलाचं नाव आलं. जुनीचा शेवटचा स्क्रू निघेपर्यंत ती गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत बसली होती.

त्या नावानं कुणी हाक मारली की अजूनही ती दुसऱ्या हाकेलाच ओ देते. पण बदलायचं ती मनातही आणत नाही. परवा एका हॉटेलवाल्यानं फोनवर विचारलं, "त्या बेकरीवाल्यांपैकीच का तुम्ही?"

"हो तर," ती म्हणाली. "उंदरांचं सगळं तिथंच शिकले."