जावयाची डावी चप्पल

आमच्या म्हातारीबरोबर मी शेवटचं काम केलं ते जावयाची डाव्या पायाची चप्पल शोधायचं. नाताळची सुट्टी शुक्रवारी आलेली, शनिवार-रविवार जोडून. म्हणून मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडं सगळी आमच्या जुईनगरच्या घरात येऊन पडली होती. रविवारी संध्याकाळी निघाली. जावई माझ्या चपला घालून गेला आणि आम्ही दोघं त्याची हरवलेली शोधत बसलो. लपवली होती हिनेच. आणि "कुठं ठेवली ती इसरले" म्हणत माझ्याबरोबर कपाटाखाली वाकून बघतही होती. आलेल्या पाहुण्याला परत जायला उंबरा ओलांडू न देणारी अशी बाई अख्ख्या नवी मुंबईत दुसरी नसेल, हे मी लिहून देतो. चौथीत शाळा सुटली माझी, तरी लिहून देतो.

याचं मूळ तिच्या माहेरात. ती मोरा बंदरातली. तिथे शेवटची लाँच धक्क्यावरून सुटली की पाहुण्याने गपचूप मुक्काम करायचा, घरच्यांनी परत भाकऱ्या थापायच्या, कुणाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडे आधी मिठागरं होती तोवर ठीक चाललं. मग स्टेशन झालं. आळीत लोकांनी पेढे वाटले, ही रुसून बसली. म्हणाली, "एक गाडी चुकली तं मागून दुसरी हायेच. मग मानूस थांबंल कशाला?" तेव्हापासून तिने चपला लपवायला घेतल्या. जोडीतली एकच. दोन्ही उचलल्या तर चोरी, एक उचलली तर थट्टा, असं तिचं शास्त्र. ती चप्पल कधी माळ्यावर जायची, कधी रिकाम्या पिंपात, आणि माणूस फारच लाडका असला तर सुकटीच्या मोठ्या डब्यात. जावई लाडका. बँकेतला माणूस, चामड्याची चप्पल, पण आमच्याकडून निघाला की खांदेश्वरपर्यंत त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. तो म्हणायचा, "मामी, तुमच्या कृपेने खिडकी मिळते बघा." सून हुशार. ती सँडल पिशवीत घालून उशाशी घेऊन झोपायची. तर हिने ती पिशवीच लपवली.

जेवणाचंही तसंच. "पोट भरलं" म्हणणारा माणूस तिच्या हिशोबी आजारी. "डाक्टरला दाव आधी," असं म्हणत ती त्याच्या पानात अजून दोन कोलंब्या टाकायची. आणि झोपताना सगळ्यांना ओळीने आडवं करायची, पापड वाळत घातल्यासारखं. मी मात्र गॅलरीत. मी घोरतो.

तिच्या सगळ्या कारभारावर पाणी ओतणारा माणूस मी. मला खोटं बोलता येत नाही आणि गोडही बोलता येत नाही. लेकीने विचारलं, "बाबा, चप्पल कुठाय?" की मी सांगून मोकळा, "माळ्यावर." मग ही कपाळावर हात मारायची. "बापानं माज्या चांगला घरभेदी शोदला गो बाई!" लोकांना थांबा म्हणणं हे तिचं खातं होतं. मला तो शब्द कधी बोलावाच लागला नाही.

त्या रविवारी चप्पल काही सापडली नाही. रात्री पाठीला सारखं टोचत होतं, मी म्हटलं वय झालं. सोमवारी सकाळी ही उठली नाही. झोपेतच गेली.

सगळे उलट पावली परत आले, जावई माझ्याच चपला घालून. तेरा दिवस घर भरलेलं होतं. तेराव्याच्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी निघतो आमी सगळे. पोरांच्या शाळा हायेत." मला म्हणायचं होतं, थांबा. तोंडातून निघालं, "बरं."

इतके दिवस चटईवर झोपत होतो. त्या रात्री माझी गादी घातली, तर परत तेच टोचलं. खोळीत हात घातला. जावयाची डावी चप्पल! सगळं सांगून टाकणारा माणूस स्वतःच्या गादीत कशाला बघेल, हे तिला बरोबर ठाऊक. आणि मला कपाटाखाली वाकवत होती, बया! मी हसलो, मग रडलो. सुनेला वाटलं मला धाप लागली, ती पाणी घेऊन धावली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठलो. दारातल्या प्रत्येक जोडीतली एक एक चप्पल उचलली आणि सुकटीच्या डब्यात कोंबली. झाकण बसेना. म्हणून वर मीच बसलो.

"बाबा, चपला कुठायत आमच्या?" लेकीने विचारलं.

"मला काय म्हाईत?"

"आनि डब्यावर का बसलाव?"

"माजी मर्जी."

जावयाने एकदा जोरात श्वास ओढला, माझ्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने भुईवर मांडी घातली.

"मामा," तो म्हणाला, "लाँच सुटली वाटतं."

"सुटली," मी म्हटलं. उठलो, आणि चहाला मोठा टोप चढवला.