लांबत गेलेल्या बाह्या

माझी आत्या चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारत बसली आणि गुडघे घालवून बसली. हाताला मात्र तोड नव्हती. डॉक्टरांनी संधिवातासाठी पाण्यातला व्यायाम सांगितला, तेव्हा दुकानातला पोहण्याचा पोशाख तिने दोन बोटांनी उचलून पाहिला, नाक मुरडलं आणि घरी येऊन स्वतःच शिवला. अर्ध्या बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय.

आठवड्यातून दोनदा सहा बायकांचे बारा कुरकुरते गुडघे छातीइतक्या पाण्यात उतरायचे. आडवं चालायचं, एका पायावर उभं राहायचं. "जमिनीवर तोल गेला की गेलाच. इथे सावरायला वेळ मिळतो," आत्या सांगायची.

ती एकटी राहते हे मला कधीच पटलं नव्हतं. जिन्यात पडली तेव्हा मी बजावलं होतं, "आणखी एकदा पडलीस की या घराला कुलूप. सरळ माझ्याकडे यायचं." माझ्या मते ही काळजी होती.

एके दिवशी व्यायाम घेणाऱ्या बाईंचा फोन आला. "तुमच्या आत्यांच्या बाह्या पाहिल्यात? आधी कोपरापर्यंत आल्या, आता मनगटापर्यंत. ओलं कापड जड होतं, हात उचलत नाहीत त्यांचे. आज शिडीवर आधार द्यायला दंड धरला, तर कळवळल्या."

मी तणतणत तिच्या घरी गेले. तिने आढेवेढे घेतले, मग मुकाट्याने बाही वर सरकवली. दंड काळानिळा झाला होता.

"जिन्यानंतर किती वेळा पडलीस?"

"तीनदा."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर माझं घर गेलं असतं. पडण्याची नाही गं, तुझी भीती वाटायची."

माझा सगळा ताठा उतरला. ती कुठे पडते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. तिन्ही वेळा बाथरूमच्या दाराशी, ओल्या पायांनी. दुसऱ्याच दिवशी तिथे भिंतीला दांडा बसवून घेतला.

"कुलूपबिलूप काही नाही," मी म्हटलं. "पण पडलीस की त्याच दिवशी कळवायचं."

तिने मान डोलावली. विश्वास बसलेला दिसत नव्हता.

दोन महिन्यांनी दुपारी तिचा फोन आला. "आज पडले गं. स्वयंपाकघरात. कोपर खरचटलंय, बाकी बरी आहे."

काळजात धस्स झालं. आणि तरीही इतकं बरं वाटलं, की फोन कानाला तसाच धरून मी रडले.