आठ किलोंच्या आत

बाजारात त्यांना सगळे ग्रॅममास्तर म्हणत. सातवीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वजनकाटा म्हटला की तेच मास्तर. एकेचाळीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत बसून लोकांचे बिघडलेले काटे दुरुस्त केले. दोन खिडक्या, दगडी फरशीचं टेबल आणि मखमलीच्या पेटीत ओळीने मांडलेली पितळी वजनं, एवढाच संसार. त्या वजनांना उघड्या बोटांनी शिवायची कुणाची टाप नव्हती. "बोटांचा घामही वजनात भर घालतो," असं म्हणून ते फडक्याने धरत. एखादा वाणी हळूच "थोडा आपल्या बाजूला झुकता ठेवा की मास्तर" म्हणाला, तर त्याचा काटा तसाच रस्त्यावर नेऊन ठेवत. वर चार शब्द सुनावत ते वेगळंच.

अशा माणसाशी संसार करणं सोपं नाही, पण बायकोने तो केला, आणि हसतखेळत केला. तिचं नवऱ्याकडे काही मागणंच नसायचं. बारा वर्षांपूर्वी तिने एक चपट्या नाकाचं पिल्लू पदराखाली घालून घरी आणलं, तेही न विचारता. मुठीएवढं होतं, म्हणून नाव ठेवलं गुंजी. सोनार पूर्वी गुंजेने सोनं तोलत, ती गुंज. मास्तर आठ दिवस कुरकुरले आणि नवव्या दिवशी गुंजीसाठी वहीत वजनाचा तक्ता आखून मोकळे झाले.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी बायको तीन महिन्यांसाठी परदेशी गेली आणि तिथे न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दीड वर्ष तरी लांबचा प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. लेकीने फोन केला. "बाबा, दुकान बंद करा आणि तुम्हीच इकडे या. गुंजीला कुणाकडे तरी ठेवा."

तिच्या हातून फोन बायकोने घेतला. मग ती म्हणाली, "अहो, गुंजीला आणाल का?"

मास्तर म्हणाले, "आणतो."

म्हणायला काय जातंय हो! पण विमानवाल्यांचे नियम वाचले तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानाच्या पोटात, सामानासोबत नेत नाहीत, त्यांना तिथे श्वास पुरत नाही. न्यायचं तर आपल्याजवळ, पुढच्या सीटखाली, जाळीच्या पिशवीत. आणि कुत्रं आणि पिशवी मिळून वजन आठ किलोंच्या आत. जास्त भरलं तर कुत्रं इथेच राहणार. गुंजी बारा वर्षांची. दीड वर्ष कुणाच्या दारात ती काढेल, असं सांगायला जनावरांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा तयार नव्हत्या. म्हणजे आता गेली तर गेली, नाहीतर त्या दोघींची पुन्हा भेट नाही, हे मास्तरांना स्वच्छ कळलं होतं.

चार महिने लागले. इंजेक्शनं, रक्ततपासणी, मानेत बसवायची चिप, शिक्क्यांचे कागद, सगळ्यांनी नाकी नऊ आणले. गुंजी तेव्हा साडेसात किलोंची गरगरीत बाई होती. डॉक्टरीणबाईंना विचारून मास्तरांनी तिचा खुराक घासाघासाने कमी केला, सकाळ-संध्याकाळ फिरायला नेलं, रोज रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर तोललं. ती तक्रारीच्या नजरेने बघायची. "माझ्याकडे बघू नकोस," मास्तर म्हणायचे, "नियम मी केलेला नाही."

सहा किलो आठशे पन्नासवर ती थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता याच्या खाली नको, हाडं दिसतील. मग मास्तरांनी पिशवी निवडली, आणि इथेच त्यांनी घोळ केला. हलकी पिशवी मिळत असताना त्यांनी जाड गादीची, एक किलो एकशे तीसची घेतली. का, तर तेवढे ग्रॅम शिल्लक होते! चौदा तास बसायचं, म्हातारीच्या हाडांना टोचायला नको. गादी खाली पक्की शिवलेली. एकूण सात किलो नऊशे ऐंशी.

शेजारचा शिंपी म्हणाला, "मास्तर, थोडा हात राखून ठेवा की. अर्धा किलो तरी."

"कशाला? आठ म्हणजे आठ. वीस ग्रॅम आत आहे."

"अहो, त्यांचा काटा..."

"काटा तो काटा," मास्तर म्हणाले. दुसरा कुणी असं बोलला असता तर ठीक. पण ज्याने जन्मभर बिघडलेले काटेच पाहिले, त्याने हे बोलावं! शिंप्याने हात टेकले.

निघायच्या दिवशी दुपारी विमानतळावर मास्तर साडेतीन तास आधी हजर होते. इस्त्रीचा सदरा, हातात कागदांची फाईल, खांद्याला गुंजी. रांगेतच दोन तास गेले. काउंटरवरच्या मुलीने कागद तपासले, हसून "किती गोड आहे" म्हणाली आणि प्राण्यांसाठी ठेवलेल्या छोट्या काट्यावर पिशवी ठेवायला सांगितली.

आठ किलो तीनशे चाळीस.

"काका, जास्त आहे," मुलगी म्हणाली. हसू गेलं होतं. "आम्हाला नाही घेता येणार. घरचं कुणी आलंय का, हिला परत न्यायला?"

घरचं कोण येणार? घराला कुलूप होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मास्तरांना गुंजीचीही आठवण झाली नाही. आपला काटा चुकला, एवढंच डोक्यात आलं. एकेचाळीस वर्षं लोकांना खरं-खोटं सांगत आलो आणि स्वतःच्या घरचं वजन तीनशे साठ ग्रॅमने चुकलं?

तेवढ्यात गुंजीने पिशवीत कूस बदलली. काट्यावरचा आकडा सरकला आणि स्थिर झाला. आठ दोनशे दहा.

मास्तर ताठ झाले. "बाई," ते म्हणाले, "कुत्रं डावीकडून उजवीकडे बसल्याने हलकं होतं का?"

"काय?"

"तुमचा काटा खोटं बोलतोय."

आता विमानतळावर उभं राहून असं बोलणारे रोज दहा भेटत असणार. मुलीने साहेबांना बोलावलं. साहेब आले, निळा कोट, कानात यंत्र, चेहऱ्यावर 'आलं आणखी एक' असा भाव. मागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा हो" म्हणालं. मास्तरांनी आवाज चढवला नाही. दुकानात भांडणारा माणूस तो, पण काट्यासमोर उभा राहिला की देवळात उभा राहिल्यासारखा बोलायचा.

"साहेब, मी काटे दुरुस्त करतो. वजन कमी करा म्हणत नाही. हीच पिशवी काट्याच्या चारी कोपऱ्यांवर एकेकदा ठेवून बघा. काटा खरा असेल तर चारी ठिकाणी एकच आकडा येईल. तसा आला तर मी मुकाट घरी जातो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि स्वतःच पिशवी उचलली. पहिला कोपरा, आठ तीनशे साठ. दुसरा, आठ दोनशे. तिसरा, सात नऊशे. चौथा, आठ एकशे वीस. पिशवी तीच, कुत्रंही तेच, आणि वजनं चार! "आटपा" म्हणणारा गृहस्थ तर मान लांब करून बघायला पुढे आला.

मास्तर गुडघ्यांवर बसले. काट्याचा मागचा पाय सतरंजीच्या दुमडीवर चढला होता. "काट्यावरच्या सरकारी सीलला मी हात लावणार नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "सतरंजी सारा आणि पायाचा स्क्रू मला फिरवू द्या." साहेब म्हणाले, "करा काका." मास्तरांनी दुमड काढली, बाजूच्या छोट्या नळीतला पाण्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत एकेक पाय फिरवला, खिशातल्या फडक्याने वरची पाटी पुसली आणि उठून उभे राहिले. पुन्हा चार कोपरे. आता चारीकडे एकच आकडा.

मुलगी पांढरीफटक पडली होती. "सकाळी एका बाईंना मी परत पाठवलं," ती पुटपुटली. "मांजर होती त्यांची. दोनशे ग्रॅम जास्त म्हणून."

"मग आधी त्यांना फोन लावा," मास्तर म्हणाले. साहेबांनी मान हलवली आणि तिथल्या तिथे नंबर काढायला सांगितला.

इथवर सगळं छान झालं. पण आता तो चारीकडचा एकच आकडा वाचा. आठ किलो वीस ग्रॅम!

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. टॅक्सीत गुंजी धापा टाकत होती म्हणून त्यांनीच तिला चार झाकणं पाणी पाजलं होतं. चाळीस ग्रॅम. गादी शिवलेली, गळ्यातला पट्टा घरीच काढून खिशात टाकलेला. काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

साहेब हसले. "जाऊ द्या काका. वीस ग्रॅम कोण बघतंय? तुम्ही आमच्यावर उपकारच केलेत. द्या गं त्यांना पास."

"नाही," मास्तर म्हणाले.

रांगेतल्या लोकांनी अक्षरशः डोकं धरलं. अहो, समोरचा देतोय, घ्या ना! काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं, तिकडे बायको डोळे लावून बसलेली, आणि हा माणूस नाही म्हणतो. याला हट्ट म्हणा, खुळेपणा म्हणा. पण मास्तरांचं म्हणणं साधं होतं. "आत्ता मी याला खोटा म्हटलं. आता तो खरा झालाय. आता त्याचं ऐकायचं नाही, असं कसं चालेल? मला दहा मिनिटं द्या. हिला बाहेर हिरवळीवर नेऊन आणतो."

नेली. दाराबाहेर हिरवळीचा एवढासा तुकडा होता, बाजूला गाड्यांचे भोंगे, माणसांची ये-जा. गुंजी घरंदाज. चारचौघांत असलं काही करायची तिला सवय नाही. तिने एक झुडूप हुंगलं, दुसरं हुंगलं, आणि सरळ खाली बसून मास्तरांकडे बघू लागली. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मास्तरांच्या सदऱ्याची इस्त्री घामाने उतरली. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. वीस ग्रॅमपायी बायकोचं कुत्रं इथे ठेवायची वेळ आणली! ते खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "गुंजे, बाई, आयुष्यभर तुला नको तिथे आली. आज एकदा कर."

तिला काय कळलं कोण जाणे. उठली, पाठ फिरवली आणि निवांत कार्यभाग उरकला.

मास्तर धावतच आत आले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुत्रं छातीशी धरून धावणारा माणूस बघून रांगेनेच वाट करून दिली. पिशवी काट्यावर ठेवली. सात किलो नऊशे साठ. "आटपा" म्हणणाऱ्या गृहस्थानेच आधी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पास स्वतःच्या हाताने दिला आणि म्हणाले, "काका, आमच्याकडे असे आणखी अकरा काटे आहेत. आज संध्याकाळच्या आत सगळे तपासून घेतो." मास्तरांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण शाबूत राहिलं हेच नशीब.

तपासणी पार करून आत आल्यावर त्यांनी बायकोला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. विमानात चढता चढता तिसऱ्यांदा लावला, तरी बंदच. जरा खट्टूच झाले. एवढा पराक्रम केला आणि सांगायला माणूस नाही! लेकीला फोन करून सांगता आलं असतं, पण पहिली बातमी तिला द्यायची नव्हती.

चौदा तास. पहिल्यांदाच विमानात बसलेले मास्तर खिडकीबाहेर बघायचं विसरले. बूट काढून पायाचा अंगठा त्यांनी पिशवीच्या जाळीला टेकवून ठेवला होता. आतून दर थोड्या वेळाने ओलं नाक लागायचं, की त्यांच्या जिवात जीव यायचा. विमान उतरताना कान दुखतात म्हणून तिच्या खुराकाचा भिजवलेला एकेक दाणा जाळीतून दिला, गिळलं की कान मोकळे होतात. गुंजीने हूं की चूं केलं नाही. शेजारच्या बाईंना उतरताना कळलं. "अय्या, कुत्रं होतं? एवढा वेळ?" मास्तर म्हणाले, "बारा वर्षांची आहे. समजूतदार आहे." हे सांगतानाचा त्यांचा तोरा बघायला हवा होता.

तिकडच्या सरकारी डॉक्टरांनी चिप तपासली, कागदांवर शिक्के मारले, आणि काचेचं दार उघडलं.

बाहेर लेक उभी होती, कडेवर तान्हं घेऊन. तिच्या पुढे चाकाच्या खुर्चीत बायको. बारीक झाली होती. तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, तिची नजर थेट खांद्यावरच्या पिशवीवर होती. मास्तर पुढे आले, चेन उघडली आणि गुंजीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. गुंजीने तिचे हात हुंगले, मग तोंड, मग पुन्हा हात, आणि घशातून असा काही आवाज काढला की शेजारून जाणारी माणसं थबकली. बायको तिच्या मानेत तोंड खुपसून रडत होती.

थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "तीनदा फोन लावला तुला. बंद होता."

"बंद करून ठेवला होता."

"का? मी सांगायला..."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. "दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर त्याने थाप मारली असती. शेजारी ठेवलीय, मजेत आहे, असं काहीतरी. आणि मी ती धरून दिवस काढले असते. मला ती सोय नाही हो. तुम्ही 'राहिली' म्हणाला असतात, तर ती राहिलीच. म्हणून म्हटलं, तुम्ही दारातून बाहेर याल तेव्हाच काय ते कळू दे. कालपासून मी जेवलेसुद्धा नाही."

मास्तर खुर्चीच्या बाजूला खालीच बसले आणि तिचा हात हातात घेतला, फडक्याशिवाय.

"आणतो म्हणालो होतो ना," ते म्हणाले.