काचेच्या पेट्यांचा मजला

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागाने आता अख्खा मजला व्यापला आहे. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर भिंतभर फोटो. खाली तळहाताएवढं बाळ, वर तेच पोर शाळेच्या गणवेशात. डॉक्टर मोठ्या अभिमानाने दाखवत होते. पूर्वी असं बाळ आलं की आम्हीच हात टेकायचो, म्हणाले. आता लांबच्या जिल्ह्यांतून उबेच्या काचेच्या पेटीसकट गाडीने आणतो, आईला दूध नसेल तर दूधपेढीतलं पाजतो आणि धडधाकट करून घरी पाठवतो. मी मान डोलावली. मनात मात्र आलं, जी घरी गेली नाहीत त्यांची भिंत कुठे आहे? माझा स्वभावच मेला असा. भीती वाटली की मी चिडते.

नातू सातव्या महिन्यातच आला होता. सून वरच्या मजल्यावर, तिचं ब्लडप्रेशर उतरायचं नाव घेत नव्हतं. मुलाला सर्दी, म्हणून त्याला दारातच अडवलेलं. अशा बाळाला कोणाच्या तरी उघड्या छातीची ऊब द्यायची, कांगारूसारखं धरून बसायचं, ही इथली रीत. उरले मी.

"आई, परेशान नक्को होऊ," मुलगा म्हणाला. त्याला सांगायला काय जातं?

कोपरापर्यंत हात घासून धुतले, गाऊन घातला आणि दारात पोचले. तिथे उंबरा नव्हताच, नुसती स्टीलची पट्टी होती. पण जन्माची सवय; वाकून पट्टीला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

"अम्मा, इत्ते हातां धोके फिर जमीन कू लगा लिये?" नर्स म्हणाली. "जाओ, फिर से धोके आओ."

परत धुतले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आत जाणं तेवढंच लांबलं.

याच हॉस्पिटलात माझी पहिली मुलगी आठव्या महिन्यात झाली होती. तेव्हा विभाग कसला न काय. बाळंतिणींच्या खोलीच्या कोपऱ्यात एकच काचेची पेटी होती आणि तिच्यात दुसऱ्या कोणाचं तरी बाळ होतं. माझीला कापसात गुंडाळून, दोन्हीकडे गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून माझ्या कुशीत दिली. दुपारी ती शांत झोपली. किती गुणाची पोर, म्हणून मी तिच्यावरचा पदर सारखा केला, येणाऱ्याजाणाऱ्यांना हळू बोला म्हणून खुणावलं. नर्स बघायला आली तेव्हा ती गार पडली होती. दोष कोणाचाच नव्हता. मी मात्र त्यानंतर कोणाचंही तान्हं मांडीवर घेतलं नाही. माझा मुलगासुद्धा पहिले महिने माझ्या आईनेच सांभाळला.

नर्सने नातवाला माझ्या छातीवर ठेवलं, वरून कापड बांधलं. पायाला लाल दिव्याची तार होती, वर आकडे दाखवणाऱ्या यंत्राला जोडलेली; नाकात नळी. वजन असं काही लागतच नव्हतं. त्याचा श्वास माझ्या कातडीला जाणवत होता आणि मी माझा रोखून धरला होता. हळूहळू तो झोपला. मग कातडीवरची ती हालचाल थांबली.

डोक्यावरचं यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावली नाही, चालतच आली, कापडात हात घालून तिने बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. तो दचकला, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला. आवाज थांबला.

"छोटे बच्चे सांस लेना भूल जाते, अम्मा," ती म्हणाली. "याद दिलाना पडता."

पेटीत वापस ठेवू का, असं तिने हाताने विचारलं. ठेव, असंच म्हणायचं होतं मला. पण माझे हात त्याला सोडेनात. मी तशीच बसून राहिले, घामाघूम, डोळे त्या आकड्यांवर.

पुढे रोज जात राहिले. भीती रत्तीभरही कमी झाली नाही, बाळ मात्र वाढत गेलं. यंत्राचं ओरडणं विरळ झालं, मग बंदच झालं. सून बरी होऊन खाली आली. घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी पायाची तार काढली आणि म्हणाले, आता याची गरज नाही.

सगळे हसत होते. "मग घरी कोण ओरडणार?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता. डॉक्टरांना वाटलं, मी गंमत करते आहे.

गाडीत सुनेच्या मांडीवर तो गाढ झोपला. चेहरा अगदी शांत. नारायणगुड्याच्या सिग्नलपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग दुपट्यात हात घातला आणि त्याच्या तळव्याला टिचकी मारली. तो केवढ्यांदा रडला.

सून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, झोपला होता ना तो."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."