महाराजांच्या पुढचा नंबर

प्रेमला ओव्हाळ येरवड्याच्या एका अनुदानित शाळेत एकोणतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होत्या. स्वभावानं शांत. शिक्षकांच्या खोलीत कुणी वाद काढला की त्या वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गात जाऊन बसायच्या. त्यांनी आयुष्यात वाद घातला तो फक्त वडिलांशी, आणि तोही एकाच माणसावरून. तो माणूस म्हणजे भिवरगड संस्थानचा शेवटचा राजा.

ओव्हाळ मूळचे भिवरगडचे. प्रेमलाबाईंच्या आजोबांना राजाच्या शिकारीत रान हाकायला जावं लागायचं. निरोप आला की हातातलं काम टाकून निघायचं. मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. अशाच एका शिकारीत रानडुकरानं त्यांची मांडी फाडली आणि पुढे ते जन्मभर लंगडत चालले. पण त्याच राजानं गावात त्यांच्या वस्तीतल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, आणि सहा वर्षांचे रामदास, म्हणजे प्रेमलाबाईंचे वडील, तिथं लिहायला-वाचायला शिकले. संस्थान विलीन झालं, छप्पन्न साली घरादारानं धम्म स्वीकारला, रामदास पुण्यात येऊन खडकीच्या कारखान्यात फिटर झाले. तरी राजाचं नाव निघालं की ते खुर्चीत सावरून बसायचे.

कॉलेजात असताना प्रेमला विचारायची, "आजोबांची मांडी कुणासाठी फाटली, दादा?"

"आणि माझ्या हातात पाटी कुणी दिली?" रामदास उलट विचारायचे.

एकदाच ते जरा नमले. म्हणाले, "राजा चांगला निघाला म्हणून मी शिकलो. त्याचा थोरला भाऊ गादीवर आला असता तर आम्ही अजून रानच हाकत बसलो असतो. कोण येणार ते आमच्या हातात नव्हतं, एवढं तुझं खरं."

वर्गात दरवर्षी प्रेमलाबाई सांगायच्या, एकाहत्तर साली घटनादुरुस्ती झाली, संस्थानिकांचे तनखे गेले, मान्यता गेली, आता ते तुमच्याआमच्यासारखे नागरिक. मागच्या वर्षी अवनी नावाच्या मुलीनं विचारलं होतं, "मग टीव्हीवर त्यांना महाराज का म्हणतात, बाई?" बाई म्हणाल्या, "सवय." पण ते उत्तर त्यांचं त्यांनाच पटलं नव्हतं.

महापालिकेची निवडणूक लागली आणि प्रेमलाबाईंना केंद्राध्यक्षाची ड्यूटी आली. केंद्र वारज्यातल्या एका शाळेत. प्रभागाचे उमेदवार कोण, हे त्यांना आदल्या दिवशी साहित्य घेताना कळलं. त्यात एक नाव होतं अनिरुद्धराजे भिवरगडकर. वय एकतीस. शेवटच्या राजाचा पणतू. हे कुटुंब वीसेक वर्षांपूर्वी वारज्याच्या टेकडीकडे बंगला बांधून राहायला आलं होतं, आणि त्यांची मतंही याच केंद्रावर होती.

सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं. एका माणसानं चार जागांसाठी चार बटणं दाबायची, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. अकरापर्यंत ती व्हरांड्यातून जिन्याला आणि जिन्यावरून मैदानात पोचली. पहिले मतदान अधिकारी होते शुभंकर, वीज कंपनीतले कारकून. यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचणं आणि ओळखपत्र तपासणं त्यांचं काम. दाराशी रुपाली नावाची हवालदार.

सव्वाअकराच्या सुमारास बाहेर गलका झाला. "बाजूला व्हा, बाजूला! महाराज आले!" प्रेमलाबाईंनी खिडकीतून पाहिलं. रांग आपोआप भिंतीला चिकटली होती. कुणी हात जोडत होतं, कुणी वाकत होतं. मधून पंधरावीस माणसं येत होती, पुढे पांढऱ्या कपड्यांतले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी उमेदवार मुलगा.

ते यशोधनराजे, शेवटच्या राजाचे नातू. रांगेत न थांबता, मतदार बाहेर जातात त्या दारानं ते आत आले. शुभंकर खुर्चीतून अर्धवट उठले आणि बाईंकडे बघून पुन्हा बसले.

रुपालीनं बाकीची माणसं कशीबशी बाहेर थोपवली. उमेदवाराला केंद्रात येता येतं, त्यामुळे अनिरुद्धराजे आतच उभे राहिले.

"ओळखपत्र?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

बाकावर बसलेला त्यांच्या पक्षाचा मतदान प्रतिनिधी हसला. "महाराजांना ओळखपत्र? अहो, अख्खं वारजं ओळखतं त्यांना."

"मीही ओळखते," बाई म्हणाल्या. "पण नियमात 'अख्खं वारजं ओळखतं' असा पुरावा दिलेला नाही. आणि रांग त्या बाजूला आहे."

अनिरुद्धराजे पुढे आले. "आपलं नाव काय?"

"प्रेमला रामदास ओव्हाळ. केंद्राध्यक्ष. छातीवर लिहिलंय."

"हे बघा ओव्हाळबाई, मी निवडणूक लढवतोय. लोकांकडे जाऊन मतं मागतोय. लोकशाहीच पाळतोय ना आम्ही?"

"मग रांगही पाळा."

यशोधनराजेंनी मुलाच्या दंडावर हात ठेवला. आवाज मवाळ होता. "बाई, मी कुणाला बाजूला व्हा म्हटलेलं नाही. लोक आपणहून मान देतात. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. माझी यात काय चूक?"

माणूस उद्धट असता तर प्रेमलाबाईंना सोपं गेलं असतं.

"मान त्यांनी जरूर द्यावा," त्या म्हणाल्या. "पण पुढचा माणूस जागा देतो तेव्हा मागच्या ऐंशी-नव्वद जणांचा नंबर एकेकानं मागे जातो. त्यांना कुणी विचारलं?"

दारातून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "आम्हाला विचारा की! आमची हरकत नाही! जाऊ द्या त्यांना!" मागून वीसपंचवीस आवाज आले, "जाऊ द्या, जाऊ द्या!"

"हरकत आहे म्हणायची इथं कुणाची हिंमत आहे, आजोबा?" बाई म्हणाल्या, पण ते गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. केंद्राध्यक्षांना एवढाच एक फोन जवळ ठेवायची परवानगी होती. क्षेत्रीय अधिकारी बोलत होते. कुणीतरी बाहेरून त्यांना कळवलं होतं.

"ओव्हाळ मॅडम, वाद कशाला वाढवता? दोन मिनिटांचं काम आहे. घ्या उरकून."

"ओळखपत्राशिवाय आणि रांगेबाहेर?"

"अहो, परिस्थिती समजून घ्या ना."

"समजली. तुम्ही तसं लेखी द्या, मी लगेच घेते."

पलीकडून फोन बंद झाला. शुभंकर यादीत डोकं घालून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

प्रेमलाबाईंनी केंद्राची दैनंदिनी ओढली, वेळ लिहिली, अकरा चोवीस, आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पुढचा मतदार."

कुणी आलं नाही.

दारात एक तरुण होता, हातात ओळखपत्र घेऊन. तो जागचा हलला नाही. त्याच्या मागची बाई जमिनीकडे बघत राहिली. महाराज खोलीत उभे असताना त्यांच्याआधी बटण दाबायला कुणीच तयार नव्हतं. बाईंनी पुन्हा हाक मारली, "पुढचा मतदार या." बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. दारावर धक्के बसत होते आणि रुपाली पाठ लावून उभी होती. "मॅडम, जास्त वेळ नाही थोपवता येणार," ती दबक्या आवाजात म्हणाली.

अकरा तीस. यंत्र रिकामं. विरोधी पक्षाचा प्रतिनिधीसुद्धा नखं बघत बसला होता. अनिरुद्धराजे हाताची घडी घालून भिंतीला टेकले. "बघा बाई. मतदान तुम्ही बंद पाडलंय. हे लिहा तुमच्या वहीत."

आणि ते खरंच होतं, हेच प्रेमलाबाईंना छळत होतं. राजाला थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. रांगेला हलवण्याचा नव्हता. आणखी दहा मिनिटं असंच चाललं असतं तर त्यांना हार मानावी लागली असती, आणि ती हार कुणाच्या हातून, तर ज्यांचा नंबर त्या राखत होत्या त्यांच्याच.

अकरा पस्तीसला दारात हालचाल झाली. तरुणाला कोपरानं सरकवत एक बाई आत आली. लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मतदार कार्ड. वय साठीच्या आसपास. ती थेट यशोधनराजेंपुढे गेली, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि उभी राहिली.

"म्हाराज, पाया पडते. पण नंबर माजा हाय. मी सात वाजल्यापास्नं हुबी हाय, दोन येळा लायनीतनं पाणी प्यायला गेले न् नंबर गेला. एक वाजता मला कामावर जायचंय, दोन घरची भांडी पडल्यात."

यशोधनराजे बाजूला झाले. "या," ते म्हणाले. "या तुम्ही."

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. शुभंकरांनी घसा साफ केला आणि वाचलं, "सहाशे बारा, तुळजाबाई बाळू दांगट." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. शाई लागली. तुळजाबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. चार बटणं दाबायला त्यांना बराच वेळ लागला. कुठलं दाबायचं ते बहुधा पुन्हा पुन्हा बघत असाव्यात. शेवटी लांब बीप वाजला. मग दारातला तो तरुण आला. त्याच्या मागची बाई आली.

यशोधनराजे बाहेर गेले. अनिरुद्धराजे त्यांच्या मागोमाग तावातावानं बोलत जिना उतरले आणि गाडीत बसून दुसऱ्या केंद्राकडे निघून गेले. वडील मात्र गेले नाहीत. ड्रायव्हरला बंगल्यावर पाठवून त्यांनी कार्ड मागवलं आणि मैदानात रांगेच्या शेवटी उभे राहिले. लोक खुर्ची देत होते, छत्री धरत होते. छत्री त्यांनी घेतली, खुर्ची घेतली नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी त्यांची पाळी आली. शुभंकरांनी वाचलं, "पाचशे एकोणऐंशी, यशोधन प्रतापसिंह भिवरगडकर." आधी 'श्रीमंत' नाही, नावाला 'राजे' नाही. ते जरा थबकले, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं. मग त्यांनी बोट पुढे केलं. जाताना प्रेमलाबाईंना म्हणाले, "ऊन बरंच होतं." त्यात राग होता की दुसरं काही, ते बाईंना अजून कळलेलं नाही.

घरी जाऊन त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे रामदास भडकले. "त्यांच्या नातवाला उन्हात उभं केलंस तू?" दोन दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपर वाचता वाचता विचारलं, "त्या भांडीवालीचं नाव काय म्हणालीस?" नाव ऐकून नुसतं "हं" म्हणाले आणि पान उलटलं.

अनिरुद्धराजे चार हजारांवर मतांनी निवडून आले. त्या केंद्रावरही त्यांनाच जास्त मतं होती. प्रेमलाबाईंनी आकडा दोनदा वाचला. वाईट वाटलं, पण तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. लोकांनी आपापल्या नंबरवर येऊन दिलेली मतं होती ती. पाच वर्षांनी अनिरुद्धराजेंना पुन्हा मतं मागायला यावंच लागणार होतं.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. मतदान अकरा मिनिटं खोळंबल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी दैनंदिनीतल्या नोंदीची प्रत जोडली, आणि त्यांनी न सांगता शुभंकरांनी स्वतःचा जबाब लिहून दिला, दोन पानी, तारीख-वेळेसह. चौकशीला बोलावलं तिथं एक तरुण अधिकारी होत्या. प्रश्न संपल्यावर त्यांनी फाइल मिटली आणि सहज विचारलं, "मॅडम, एवढी माणसं दारावर धडका देत होती. भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"त्या लोकांची?"

"नाही हो. रांगेतलं कुणी आलंच नसतं तर, याची."

एप्रिलमध्ये एका ओळीचं पत्र आलं: प्रकरण दफ्तरी दाखल. म्हणजे चौकशी संपली. प्रेमलाबाई तेव्हा नववीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि पुढचा पेपर ओढला.